दुर्बीण बरोबर जागी, तरी ग्रहीय तेजोमेघ दिसत नाही: काय तपासायचं?

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. दुर्बीण आठ इंची आहे, ॲप सांगतं तिथेच रोखली आहे, आजूबाजूचे तारेही नकाशाशी जुळतात, पण ग्रहीय तेजोमेघाचा, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेल्या चमकत्या वायूच्या ढगाचा, पत्ता नाही. मग आयपीस स्वस्तातला असेल, आरसा खराब असेल, शहरातून हे जमतच नसेल, असे निष्कर्ष निघतात आणि दुर्बीण पुन्हा चंद्र, गुरू, शनीपुरती उरते. याचं मनापासून वाईट वाटतं. दूरच्या आकाशातल्या धूसर गोष्टींपैकी गच्चीवरून जमण्यासारखा सगळ्यात चांगला प्रकार ग्रहीय तेजोमेघांचाच आहे. दीर्घिका शहराच्या उजेडात बुडाल्या की त्यांना वर काढायला काही साधन नाही. ग्रहीय तेजोमेघांसाठी ते आहे.

उपायाआधी निदान करायला हवं, कारण ‘दिसत नाही’ या एकाच तक्रारीखाली दोन अगदी उलट दुखणी असतात. कधी तेजोमेघ दृष्टिक्षेत्रात ठळक असतो, पण इतका लहान की आपण त्याला तारा समजून पुढे गेलेलो असतो. कधी तो इतका पसरलेला असतो की आकाशाच्या उजेडात मिसळून जातो. पहिल्यावर उपाय म्हणजे विवर्धन वाढवणं. दुसऱ्यावर विवर्धन आवरतं घेणं, फिल्टर लावणं आणि काळोख शोधणं. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर रात्र फुकट जाते.

गोंधळाचं मूळ यादीतल्या ‘प्रत’ या तेजस्वितेच्या आकड्यात आहे (आकडा जितका लहान, तितकी वस्तू तेजस्वी). ॲपमध्ये एखाद्या तेजोमेघाची प्रत ७.३ लिहिलेली असते आणि आपण म्हणतो, नवव्या-दहाव्या प्रतीचे तारे सहज दिसतात, मग हा का नाही? कारण ती प्रत त्याचा सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा केला तर किती होईल, याची असते. एक चमचा तूप एका पोळीला लावलं तर चकाकतं, वीस पोळ्यांना लावलं तर कुठे लावलं तेही कळत नाही. तूप तेवढंच असतं.

दोन ओळखीची नावं घेऊन हिशोब करू (‘एम’ आणि ‘एनजीसी’ ही खगोलीय याद्यांची नावं, पुढचा आकडा त्यांतला क्रमांक). स्वरमंडळातला एम५७, म्हणजे कंकण तेजोमेघ, ८.८ प्रतीचा आहे आणि त्याचा आकार जेमतेम सव्वा कला (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला). कुंभ राशीतला हेलिक्स, एनजीसी ७२९३, साधारण ७.३ प्रतीचा, म्हणजे एकूण प्रकाशात एम५७ च्या जवळजवळ चौपट. पण त्याचा ठळक भागच चौदा-पंधरा कलांचा, म्हणजे चंद्रबिंबाच्या निम्म्या रुंदीचा. प्रकाश क्षेत्रफळावर वाटला तर एम५७ ची सरासरी पृष्ठतेजस्विता दर चौरस विकलेला १७.८ प्रत येते आणि हेलिक्सची २१.७. यादीत ‘तेजस्वी’ असलेला हेलिक्स प्रत्यक्षात एम५७ पेक्षा सुमारे ३५ पट फिका!

आता हाच आकडा आकाशाशी ताडून पाहा. उजळलेल्या शहराचं आकाश दर चौरस विकलेला १८ प्रतीच्या आसपास असतं, चांगल्या ग्रामीण भागात ते २१.५ पर्यंत जातं. १८ प्रतीच्या आकाशावर हेलिक्स फक्त तीनेक टक्के उजेडाची भर घालतो. २१.५ च्या आकाशावर तोच ऐंशी टक्क्यांहून जास्त भर घालतो. डोळा उजेड मोजत नाही, फरक पाहतो. म्हणून नवीन तेजोमेघ निवडताना प्रत आणि आकार हे दोन्ही आकडे एकत्र वाचायची सवय लावा. अर्धी तक्रार तिथेच मिटते.

लहान तेजोमेघ: तारा समजून सुटलेला

आकार अर्ध्या कलेपेक्षा कमी, म्हणजे तीस विकलांच्या आत असेल, तर दुखणं बहुधा पहिलं आहे. सरावासाठी हंसातला एनजीसी ६८२६ घ्या. त्याच्याजवळ ‘१६ हंस’ ही सहाव्या प्रतीच्या दोन जुळ्या पिवळसर ताऱ्यांची जोडी आहे. तेजोमेघ तिच्या पूर्वेला अर्ध्या अंशाहून किंचित कमी अंतरावर आहे. ८ इंची एफ/६ (म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या सहापट) दुर्बिणीला २५ मिमीचा आयपीस लावला की ४८ पट विवर्धन मिळतं आणि जोडी नि तेजोमेघ एकाच दृष्टिक्षेत्रात बसतात. (या जोडीतल्या एका ताऱ्याभोवती १९९६ मध्ये ग्रह सापडला, हे जोडी पाहताना जरूर आठवा.)

या विवर्धनात तेजोमेघ ताऱ्यासारखाच दिसतो, फक्त किंचित ‘मऊ’. ओळखायचा कसा? ओ-थ्री फिल्टर (तेजोमेघातल्या ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश तेवढा जाऊ देणारा, त्याबद्दल पुढे) आयपीसला न लावता चिमटीत धरा आणि डोळा नि आयपीस यांच्यामध्ये आत-बाहेर सरकवा. फिल्टर आत आला की सगळे तारे एकदम मंदावतात. एकच ठिपका जवळजवळ होता तसाच राहतो. तोच तुमचा तेजोमेघ. ज्या तेजोमेघांचे आकार दहा-बारा विकलांचे आहेत, त्यांच्यासाठी याच्याइतकी खात्रीची युक्ती दुसरी नाही. २०-२५ मिमीच्या साध्या प्लॉसल जातीच्या आयपीसमध्ये डोळा नि काच यांच्यात पुरेशी जागा असते, म्हणून शोध त्याच आयपीसने घ्यावा.

ओळख पटली की फिल्टर खिशात ठेवा आणि विवर्धन निःसंकोच वाढवा. १० मिमीच्या आयपीसने १२० पट, ६ मिमीने २००. लहान तेजोमेघांची पृष्ठतेजस्विता एवढी जास्त असते की ते हे सहन करतात. एनजीसी ६८२६ ची १५.५ च्या जवळ येते, म्हणजे शहराच्या आकाशापेक्षाही उजळ. हे तेजोमेघ शहरातून दिसत नाहीत, ही समजूत साफ चुकीची आहे. भुजंगधारीतला एनजीसी ६५७२, देवयानीतला एनजीसी ७६६२, वासुकीतला एनजीसी ३२४२ हे तिन्ही याच गटात घ्यावेत. शेवटचा तीस विकलांपेक्षा थोडा मोठा असला, तरी शहरी आकाशाला पुरून उरतो. यांच्यात हिरवट-निळसर छटाही दिसते, कारण प्रकाश इतका दाट आहे की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी जाग्या होतात. फिल्टर लावला तर हा रंग जातो, म्हणून ओळख पटल्यावर तो काढायचा.

इथे फसवणारी आणखी एक गोष्ट आहे: मांडणी. न्यूटोनियन (आरशाच्या) दुर्बिणीतलं चित्र १८० अंशांनी फिरलेलं असतं. डायगोनल (प्रकाश वळवणारा आरसा) लावलेल्या अपवर्तक, म्हणजे भिंगाच्या, दुर्बिणीत डावं-उजवं उलटतं. ॲपमधला नकाशा सरळ असतो. तेजोमेघ जोडीच्या पूर्वेला आहे हे माहीत असून आपण पश्चिमेला शोधत बसतो. दिशा ओळखायची सोपी रीत म्हणजे दुर्बीण हलवू नये आणि तारे कुठल्या कडेने बाहेर जातात ते पाहावं. ती कड पश्चिमेची.

मोठा तेजोमेघ: आकाशात विरलेला

खरी मेहनत इथे आहे. सप्तर्षीतला एम९७ याचं उत्तम उदाहरण. पुलहपासून आग्नेयेकडे सव्वादोन अंशांवर तो आहे, सापडायला सोपा, आणि तरीही न दिसल्याच्या तक्रारी याच्याबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येतात. प्रत ९.९, व्यास ३.४ कला, सरासरी पृष्ठतेजस्विता २१.२ च्या आसपास. उपनगरातल्या आकाशापेक्षा तो दोनेक प्रतींनी फिका आहे.

पहिली गोष्ट, विवर्धन कमी केलं की तेजोमेघ आकाशाच्या तुलनेत उजळतो, हा समज सोडून द्या. विवर्धन बदललं की तेजोमेघ आणि आकाश दोन्ही सारख्याच प्रमाणात उजळतात किंवा मंदावतात. त्यांच्यातलं गुणोत्तर तेच राहतं. बदलतो तो दिसणारा आकार, आणि अंधुक गोष्ट मोठी असली की डोळ्याला लवकर उमगते. म्हणून एम९७ ला ४८ पटीवर अडून बसू नका, ८० ते १२० पर्यंत जाऊन पाहा. याला मर्यादा एकच. तेजोमेघाच्या चारी बाजूंना रिकामं आकाश दिसलं पाहिजे. हेलिक्सवर १२० पट लावले तर तो दृष्टिक्षेत्राचा मोठा भाग व्यापतो, कड कुठेच स्पष्ट सापडत नाही आणि डोळ्याला तुलनाच करता येत नाही. त्याला २५ किंवा ३० मिमीचाच आयपीस हवा.

दुसरी गोष्ट फिल्टर. त्यामागची कथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. २९ ऑगस्ट १८६४ च्या रात्री लंडनमधल्या टल्स हिल इथल्या घरच्या वेधशाळेतून विल्यम हगिन्सने कालेय तारकासमूहातल्या एनजीसी ६५४३ कडे वर्णपटदर्शक लावला. त्याची दुर्बीणही आठ इंचीच होती. ताऱ्यासारखा सलग रंगपट्टा न दिसता त्याला मोजक्या तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे हा ताऱ्यांचा दूरचा पुंजका नव्हता, चमकणारा वायू होता. सगळ्यात ठळक हिरवी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचं नवं मूलद्रव्य कल्पिलं गेलं. १९२७ मध्ये आयरा बोवेनने दाखवलं की ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. आपल्या प्रयोगशाळांमधल्या हवेपेक्षा कित्येक पटींनी विरळ वायूतच ती उमटते.

तुमच्या हातातला ओ-थ्री फिल्टर म्हणजे याच शोधाचं फळ आहे. ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटरच्या त्या दोन रेषा तो जाऊ देतो आणि बाकीचं जवळपास सगळं अडवतो. ढोबळमानाने आकाशाचा उजेड दहाव्या हिश्शावर येतो आणि तेजोमेघाचा बराचसा प्रकाश टिकतो. त्यात आणखी एक भाग्याची गोष्ट अशी की अंधारात काम करणाऱ्या आपल्या दंडपेशी ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतात. ऑक्सिजनची ती रेषा नेमकी तिथेच येते. यूएचसी फिल्टर याच दोन रेषांबरोबर हायड्रोजनची ४८६ नॅनोमीटरची रेषाही जाऊ देतो. तो जरा सौम्य आहे, चार-पाच इंची दुर्बिणीला तो जास्त सोयीचा. आठ इंच आणि पुढे, आणि लक्ष्य ग्रहीय तेजोमेघ, तर मी ओ-थ्रीच घ्यायला सांगेन.

‘प्रकाश प्रदूषण फिल्टर’ म्हणून विकले जाणारे रुंद पट्ट्याचे फिल्टर मात्र यासाठी घेऊ नका. रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते तेव्हा त्यांचा काही उपयोग होता, कारण तो उजेड मुख्यतः ५८९ नॅनोमीटरच्या आसपास होता. आता पांढरे एलईडी निळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळीकडे पसरलेला उजेड टाकतात. त्यातून वाट काढायला पट्टा अरुंदच हवा.

फिल्टर लावूनही काही दिसत नसेल तर आयपीस बदला. फिल्टरने मुळातच प्रकाश कमी केलेला असतो, त्यामुळे आयपीसमधून बाहेर पडणारी प्रकाशशलाका पुरेशी जाड हवी. तिची जाडी काढायला दुर्बिणीच्या व्यासाला विवर्धनाने भागा: २०० मिमी भागिले ४८, म्हणजे ४.२ मिमी. पसरट तेजोमेघांसाठी ओ-थ्रीबरोबर ३ ते ५ मिमी ठेवा. ६ मिमीचा आयपीस आणि ओ-थ्री एकत्र लावून हेलिक्स शोधणं म्हणजे फिल्टरचे पैसे वाया घालवणं. दोन मिमीच्या खाली एम९७ सारखेही अवघडच जातात.

डोळा

दुर्बीण, आयपीस, फिल्टर सगळं ठीक आहे आणि तरी अडलंय, तर बहुतेक वेळा डोळा तयार झालेला नसतो. दंडपेशींना पुरतं जागं व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि मोबाइलच्या एका झोताने ती कमाई जाते. ॲपचा ‘नाइट मोड’ लाल असला तरी पडद्याचा उजेड बहुधा फार असतो. पडद्यावर लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन थर लावा आणि उजेड सगळ्यात खाली आणा. त्याहून चांगलं म्हणजे नकाशा छापून घ्या.

गच्चीवर शेजारच्या इमारतीचा जिन्यातला दिवा थेट डोळ्यात येत असेल तर डोक्यावरून जाड काळं कापड घ्या आणि आयपीसलाही त्यात सामावून घ्या. पाच मिनिटांत फरक कळतो. आत उकडतं, श्वासाने आयपीसवर धुकं येतं, म्हणून नाक कापडाच्या बाहेर राहील असं पाहा. शहरातल्या निरीक्षकाला एवढ्या कमी खर्चात एवढा फायदा देणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

मग तिरकी नजर. डोळ्याच्या मध्यभागी दंडपेशी नसतात, म्हणून ज्याकडे रोखून पाहाल तेच नाहीसं होतं. उजव्या डोळ्याने पाहत असाल तर नजर वस्तूच्या उजवीकडे टाका, म्हणजे वस्तू नाकाच्या बाजूला राहील. डाव्या डोळ्याला याच्या उलट. विरुद्ध बाजूला नजर टाकली तर वस्तू अंधबिंदूवर पडू शकते. अंतर किती? दृष्टिक्षेत्राच्या मध्यापासून कडेपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या साधारण निम्मं. याचा सराव पुन्हा एनजीसी ६८२६ वर करा. सरळ पाहिलं की मधला दहाव्या प्रतीचा तारा उरतो, नजर हटवली की भोवतीचा गोळा फुलून येतो. या उघडझापीमुळेच त्याला ‘ब्लिंकिंग प्लॅनेटरी’ म्हणतात.

आणि हलवा. दुर्बिणीच्या नळीवर बोटाने हलकी टिचकी मारा. स्थिर असताना न जाणवणारा फिका डाग हलला की डोळ्याला सापडतो. एम९७ मला अनेकदा टिचकीनंतरच दिसतो, आणि एकदा दिसला की मग स्थिर असतानाही दिसत राहतो.

दव, गच्ची, धूळ

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अचानक ‘सगळंच फिकं’ झालं तर आधी दव तपासा. आयपीस, फाइंडर आणि न्यूटोनियनचा छोटा आरसा यांवर ते नकळत साचतं. नळीच्या तोंडाशी काळ्या फोमचं किंवा पुठ्ठ्याचं लांब नळकांडं गुंडाळलं तर बरंच टळतं. साचलेलं दव कापडाने पुसू नका. पावसाळ्यात आयपीस आणि फिल्टर सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. बुरशीचे धागे एकदा काचेवर चढले की त्यांचा डाग कधी कधी कायमचा राहतो.

लहान तेजोमेघ २०० पटीला नुसता पिठाळ दिसत असेल तर दोष कॉलिमेशनचा, म्हणजे आरशांच्या जुळणीचा, किंवा गच्चीच्या स्लॅबचा. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि प्रतिमा उकळते. मातीचं अंगण मिळालं तर ते घ्या. कॉलिमेशन तपासायला जवळचा तिसऱ्या-चौथ्या प्रतीचा तारा फोकसच्या बाहेर न्या आणि वर्तुळं एककेंद्री आहेत का पाहा.

हवेची पारदर्शकता मात्र आपल्या हातात नाही, तिची वाट पाहावी लागते. एप्रिल-मेमधली धूळ आणि थंडीत शहरांवर साचणारा धुराचा थर पसरट तेजोमेघांना पुरते गिळतो. पाऊस संपल्यावरचे पहिले काही आठवडे हवा धुतलेली असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत हेलिक्स संध्याकाळी वर असतो. ऑक्टोबरच्या अखेरीस रात्री आठच्या सुमारास तो मध्यमंडलावर, म्हणजे आकाशातल्या आपल्या सर्वांत उंच जागी, येतो, पुण्याहून क्षितिजाच्या जवळपास ५० अंश वर. लंडनहून तो १८ अंशांवर जात नाही. परदेशी लेखांत त्याला ‘क्षितिजालगतचा अवघड’ म्हटलेलं वाचून नाउमेद होऊ नका, आपल्याला तो उत्तम मिळतो. अमावास्येच्या आसपास शहराबाहेर जा. मुंबईकर आकाशप्रेमी वर्षानुवर्षं वांगणीला जातात. विदर्भातल्यांना पेंच आहे; पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ ही आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, देशातली पहिलीच.

एखादा अवघड तेजोमेघ न दिसल्यास त्याच रात्री, त्याच साहित्याने एम५७ वर १०० पट लावून पाहा. कड्याच्या मधली पोकळी स्पष्ट दिसली, तर दुर्बीण आणि डोळा शाबूत आहेत, अडथळा आकाशाचा आहे. जागा किंवा रात्र बदला. पोकळी दिसली नाही, तर दव, फोकस, कॉलिमेशन किंवा धुरकं यांपैकी काहीतरी आहे, पुढे शोधत बसण्यात अर्थ नाही. त्यानंतर जंबुकातला एम२७: शर समूहातल्या गॅमा ताऱ्याच्या सव्वातीन अंश उत्तरेला, मोठा आणि तरी ठळक, फिल्टर खरंच काम करतो का हे पारखायला सर्वांत योग्य. ओ-थ्री लावल्यावर एम२७ च्या दोन्ही बाजूंचा फिका भाग उजळून तो गोलसर झाला नाही, तर त्या फिल्टरबद्दल शंका घ्या.

या दोन्ही कसोट्या पार झाल्या की तिमिंगिलातला एनजीसी २४६ हाती घ्या. फाय-१ आणि फाय-२ या ताऱ्यांशी त्याचा त्रिकोण होतो. फिल्टरशिवाय फक्त काही मंद तारे दिसतात; काळ्या आकाशाखाली ओ-थ्री आत आला की त्यांच्याभोवती चार कलांचं असमान, खडबडीत वर्तुळ उभं राहतं. डिसेंबरच्या सुरुवातीला तो रात्री साडेआठच्या सुमारासच मध्यमंडलावर असतो. जॉर्ज एबेलच्या १९६६ च्या यादीतले तेजोमेघ याच्याही पुढचे आहेत. त्यांतला मिथुनेतला एबेल २१ आठ इंचाला ओ-थ्रीसह शक्य आहे, पण शहरातून अजिबात नाही. फेब्रुवारीची अमावास्या, धूळ नसलेली रात्र आणि ३० मिमीचा आयपीस. सगळा एकदम शोधू नका. आधी फक्त त्याची ठळक कमान शोधा.